परसातलं खुराडं आणि सात कोंबड्या : प्रकल्प नोंदी, २०२४

तासगाव तालुका, जि. सांगली

२७ ऑक्टोबर

जागा ठरली. न्हाणीच्या भिंतीपासून शेवग्यापर्यंतचा पट्टा. कोंबड्या सात ठेवायच्या, चार गिरिराज या सुधारित जातीच्या आणि तीन गावरान. खुराडं सहा बाय चार फूट, जमिनीपासून दोन फूट उचललेलं. त्याला लागून जाळीचं अंगण, दहा बाय आठ.

आत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "सात कोंबड्यांस्नी एवढा बंगला कशाला? आमच्या येळंला डालगं पालथं घातलं की झालं." त्यांच्या वेळेला वाड्याला चारी बाजूंनी भिंती होत्या आणि रात्री दाराला अडसर पडायचा, ते त्या सांगत नाहीत. आता मागे अण्णांची द्राक्षबाग, तिच्यापलीकडे ओढा, आणि ओढ्यात मुंगसं, घुशी.

मापांचा हिशेब असा: आत कोंबडीमागे दोन-अडीच चौरस फूट पुरतात, पण गिरिराज अंगाने थोराड म्हणून साडेतीनच्या आसपास धरले. बाहेर प्रत्येकीला आठ-दहा तरी हवेत. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे दुपारचं ऊन उघड्या बाजूने आत शिरणार नाही. दिवाळीच्या गारव्यात हे सुचत नाही, पण दिशा आत्ताच ठरवायची. इथल्या थंडीने धडधाकट कोंबडीचं काही बिघडत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र ती चोच उघडी टाकून धापा टाकते आणि बघता बघता मान टाकते.

माती काळी. पावसात चिखल होणार, म्हणून अंगणात मुरमाचा थर.

४ नोव्हेंबर

दिवाळी उरकली, वेल्डिंगवाला मोकळा झाला. सांगाड्याला लोखंड विकत घ्यावं लागलं नाही. दिरांनी बेदाण्याचं जुनं शेड मोडलं, त्याचे अँगल आणि हिरवं शेडनेट पडून होतं. तासगावात हे सामान कुणाच्या ना कुणाच्या परड्यात असतंच. बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिल, बाकीचे महिने शेडं रिकामी.

जाळीवर मात्र पैसे घातले. बेदाण्याच्या रॅकवरची नायलॉन जाळी फुकट मिळत होती, ती नको म्हटलं. मुंगूस ती दाताने कुरतडतं. दुकानात 'कोंबडीची जाळी' म्हणून जी षटकोनी जाळी देतात, तिने कोंबडी आत राहते एवढंच. तार बारीक आणि भोक एवढं मोठं की मांजराचा पंजा आरामात आत येतो आणि जाळीला टेकून झोपलेली कोंबडी जागच्या जागी फाडली जाते. म्हणून खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश आणि त्याच्या वर एक इंची. छतालाही जाळी टाकली. शिक्रा, घार आहेतच, आणि गावरान तलंगेला, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला, सहा फूट उडणं म्हणजे काहीच नाही.

तळाची जाळी उभी गाडली नाही. बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरली आणि तिच्यावर मुरूम-दगड टाकले. उकरणारं जनावर अगदी भिंतीच्या बुडाशी उकरायला लागतं, लगेच जाळी लागते. मागे सरकून फूटभर लांबून बीळ काढायचं त्याला सुचत नाही. शिवाय गाडलेली जाळी काळ्या मातीत लवकर गंजते.

दाराला कडी आणि खाली वेगळी खिटी. नुसती कडी कुत्रं नाकाने उचलतं.

६ नोव्हेंबर

आतल्या दांड्या बसवल्या. या कामाला आख्खी सकाळ गेली आणि जायलाच हवी होती.

निलगिरीचा वासा चिरून दोन इंच रुंदीच्या दांड्या काढल्या, वरच्या कडा रंधा मारून गोल केल्या. लोखंडी पाइप तयार होता, पण तो थंडीत गार, उन्हाळ्यात तापणार, आणि गुळगुळीत. कोंबडी झोपताना पंजा पसरून त्यावर अंग टेकते, तिला थोडी सपाटी लागते. एक दांडी दीड फुटावर आणि दुसरी तीन फुटांवर. गिरिराज जड, उंचावरून रोज धपकन उडी मारली तर तळव्याला गाठ होते आणि ती लंगडते. गावरानचं उलट आहे. तिला खालची जागा दिली तर ती तिथे झोपणारच नाही.

अंडी घालायला द्राक्षाचे दोन प्लास्टिक क्रेट आडवे ठेवले, सगळ्यात खालच्या दांडीच्याही खाली. अंधार पडला की कोंबडी सापडेल त्या सगळ्यात उंच जागी जाते. क्रेट वर असला तर त्यातच झोपेल, रात्रभर त्यातच घाण करेल, आणि पुढे आपण घाणीतली अंडी पुसत बसायचं. अंड्यांना अजून वेळ आहे, तोवर क्रेटच्या तोंडाला पोतं बांधलं.

पत्र्याखाली दोन्ही अंगांना चार बोटं फट ठेवली, तिलाही जाळी. वारा डोक्यावरून जावा, अंगावरून नको.

८ नोव्हेंबर

सॉ मिलमधून लाकडाचा भुसा आणला, चार इंच जाड पसरला, खाली चुन्याची भुरकी. भुईमुगाची टरफलं घरात होती पण दमट वास येत होता. बुरशी धरलेलं काही कोंबडीच्या पायाखाली घालायचं नाही, ती ते टोचून खाते.

९ नोव्हेंबर

चार गिरिराज आल्या. मिरज तालुक्यातल्या एका पाळणाऱ्याकडून, साडेचार महिन्यांच्या तलंगा. ही जात बंगळूरच्या हेब्बाळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेली. पिसं चौघींची चार तऱ्हांची: एक काळी, एक तांबडी, एक ठिपक्यांची, एक राखाडी. निळे-पिवळे रिंग घालायची गरज नाही, लांबून ओळखू येतात. लसींच्या तारखा कागदावर लिहून घेतल्या. मरेक, लासोटा दोनदा, गंबोरो, देवी. खाद्य कोणतं चालू आहे तेही विचारलं आणि त्याच ग्रोअरचं, म्हणजे वाढीच्या वयातल्या खाद्याचं, पोतं घेतलं. जागा बदलली, पाणी बदललं, त्यात खाद्यही बदललं तर हगवण लागायचीच.

मुद्दाम संध्याकाळी निघालो. क्रेटवर पोतं टाकलं की त्या गप्प बसतात. घरी पोचेस्तोवर अंधार. एकेकीला दोन्ही पंखांवरून धरून खालच्या दांडीवर ठेवलं, पंजे दांडीला लागल्यावर दोन क्षण हात तसाच ठेवला. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, त्यामुळे ती ठेवली तिथेच बसते. उजेडात सोडल्या असत्या तर चौघी चार कोपऱ्यांत धडकल्या असत्या.

१० नोव्हेंबर

सकाळी सातला झडप उघडली तर चौघी एका कोपऱ्यात, एकीच्या पंखाखाली दुसरीचं डोकं. खाद्य समोर, बघायला तयार नाहीत. पाण्यात थोडा गूळ विरघळवला होता. नऊच्या सुमाराला तांबडी पुढे झाली, चोच बुडवली, मान वर करून घोट गिळला. मग बाकीच्या. पाणी पिणारी कोंबडी थोड्या वेळाने खातेच, तिच्या मागे लागायचं नाही.

शीट पातळ आहे. पहिल्या दिवशी असतंच, घाबरलेली आहेत. तपकिरी आणि त्यावर पांढरी टोपी, असं दिसायला लागलं की पोट जागेवर आलं समजायचं. हिरवट पाण्यासारखं आणि मान वाकडी दिसली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत, आणि रक्त दिसलं तर कॉक्सिडिया हा आतड्याचा रोग. तेव्हा वाट बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

पोरांना सांगितलंय, आठवडाभर जाळीशी जायचं नाही. कोंबड्यांनाही आठवडाभर बाहेर सोडायचं नाही. जाळीच्या अंगणातसुद्धा नाही. आत्तींना हा जुलूम वाटतो. पण एकदा आतच खाल्लं, प्यायलं, झोपलं, उठलं, की 'रात्री कुठं जायचं' हा प्रश्न कोंबडीच्या डोक्यात उरत नाही.

१२ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. जत तालुक्यातून मावशींनी तीन गावरान तलंगा पाठवल्या. पाटीत घालून, वर लुगड्याचा तुकडा बांधून, एस.टी.ने. उपासाच्या दिवशी घरात कोंबड्या आल्या म्हणून शेजारी हसले. आम्हाला त्या खायच्या नव्हत्या, त्यामुळे चाललं.

यांना कुठलीच लस नाही. म्हणून मागे न्यायच्याच नाहीत. घराच्या पुढच्या अंगाला, कडुनिंबाखाली मोठ्या डालग्यात. पाण्याचं भांडं वेगळं, खाद्य वेगळं, आणि रोजचा क्रम ठरलेला: आधी मागच्या गिरिराजचं सगळं आवरायचं, मग पुढे यायचं, उलट नाही. पुढे जाताना वेगळी चप्पल. आत्ती चपलेवरून अजून बोलतायत. पण रोग पायाला लागून आलेल्या शिटेतून जातो, आणि दोन-तीन आठवड्यांत जे काय अंगात आहे ते दिसून येतं.

१७ नोव्हेंबर

गिरिराजना पहिल्यांदा जाळीच्या अंगणात सोडलं. दुपारी चारनंतर. सूर्य सहाला मावळतोय, म्हणजे हाताशी दोनच तास. सकाळी सोडलं असतं तर दिवसभरात अंगणातला एखादा कोपरा त्यांनी आपला केला असता.

फळीच्या उतारावर आधी कुणी पाय ठेवेना. फळीला दर बोटभर अंतरावर आडव्या पट्ट्या ठोकल्यात, पाय घसरत नाही, तरी नाही. मग काळी उतरली आणि बाकीच्या मागे. मुरमात दोन्ही पायांनी उकरलं, मागे सरकून खाली बघितलं, परत उकरलं. खुराड्यात भुसा होता, पण खरी जमीन पायाखाली ही पहिलीच.

पावणेसहाला काळी आणि ठिपक्यांची आपण होऊन वर गेल्या. तांबडी आणि राखाडी जाळीच्या बुडाशी एकमेकींना चिकटून बसल्या. हाकललं नाही. पुरता अंधार होऊ दिला, मग उचलून दांडीवर ठेवलं. हाकलायला गेलं तर खुराड्याकडे जाणं म्हणजे संकट, एवढंच त्यांना कळतं.

उचलताना दोघींची गळ्याची थैली चाचपली. छातीच्या वर उजव्या बाजूला हात लावला की कळतं. तांबडीची लिंबाएवढी भरलेली. राखाडीची मऊ, जवळपास रिकामी. म्हणजे राखाडीला भांड्यापाशी कुणी उभं राहू देत नाहीये. उद्या दुसरं भांडं, पहिल्यापासून लांब, मध्ये आडोसा येईल असं.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. दुपारी बोटाला शाई लावून आलो, चारला सोडलं. तिघी आपण होऊन दांडीवर. राखाडीला अजून उचलावं लागतं, पण थैली भरलेली आहे.

२२ नोव्हेंबर

गावरान तलंगांना राणीखेतची आरटूबी लस. आठवड्यापूर्वी जंताचं औषध पाजलं होतं.

लसीची अडचण ही की कुपी शंभर डोसची, आपल्या कोंबड्या तीन. कुपी एकदा पाण्यात मिसळली की तासा-दोन तासांत संपवायची, उरलेली उद्याला चालत नाही. तीन कोंबड्यांसाठी सत्त्याण्णव डोस ओतून द्यायचे? म्हणून कालच गल्लीत सांगून ठेवलं होतं की संध्याकाळी पाचला ज्याच्या त्याच्या कोंबड्या घेऊन या, फक्त आठ आठवड्यांच्या वरच्या. लहान पिलांना ही लस झेपत नाही.

आली की सगळी. काखेत कोंबडी, पिशवीतून तोंड बाहेर काढलेली कोंबडी, एका पोराच्या शाळेच्या दप्तरात कोंबडा. दवाखान्यातले कंपाउंडर बर्फाच्या थर्मासात कुपी घेऊन आले. पंखाखाली कातडी चिमटीत धरायची, सुई टोचायची, दुसरी पुढे. एक म्हातारी आजी कोंबडा द्यायला तयार नव्हत्या. "त्यो खंडोबाचा हाय, त्याला सुई नगं." आत्ती पुढे होऊन म्हणाल्या, "आगं, खंडोबाचा म्हणून तर टोचून घे. मानमोडी आली तर देवाला काय देणार?" आजींनी कोंबडा दिला.

आत्तींना चप्पल पटत नाही पण लस पटते. एका मानमोडीत त्यांचा सगळा कळप गेलेला आहे. दुसऱ्या दिवशी डालगं उचललं तर एकही उभी नव्हती, असं त्या सांगतात. तेव्हा हे औषध आठवड्यात सुस्ती आणेल, खाणं कमी होईल, हे मी त्यांना सांगायला गेले तर त्याच मला सांगायला लागल्या.

२८ नोव्हेंबर

गावरान तरतरीत. नाक कोरडं, शीट बांधलेलं, अंगावर पिसवा नाहीत. पिसं उलटी करून मागच्या भागात बघायचं, तिथे असतात. डालग्यासकट जाळीच्या अंगणात आणून ठेवलं. बघायचं, टोचायचं नाही, अशी व्यवस्था. गिरिराजनी डालग्याभोवती फेऱ्या मारल्या, काळीने मान फुगवून दोन वेळा चोच आपटली. दिवसभर हेच, रात्री गावरान परत पुढे. आठवडाभर असं करायचं.

राखेचं घमेलं ठेवलं. चुलीची राख, मऊ माती, कडुनिंबाचा वाळका पाला. ठिपक्यांची त्यात पाय वर करून लोळली तेव्हा धाकटा "मेली, मेली" म्हणून ओरडत आत आला.

३ डिसेंबर

फेंगल वादळाने हवा ढगाळ. ढग आले की इथे सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. ऑक्टोबर छाटणीच्या बागांना दावण्या आणि भुरी या बुरशीच्या रोगांची भीती, त्यामुळे अण्णांचा ब्लोअर सकाळ-संध्याकाळ चालू. फवाऱ्याचा धूर कुंपणावरून सरळ आमच्या परसात.

बागेच्या बाजूला शेडनेट दुहेरी लावलं. फवारणीच्या वेळी कोंबड्या आत बंद, पाण्याची भांडी आत, आणि बाहेर राहिलेलं खाद्य टाकून द्यायचं. बांधावरचा हिरवा चारा आणून घालायची सवय होती, ती बंद. त्या गवतावर काय बसलंय ते दिसत नाही. त्याऐवजी बाजारातला मेथी घास धुऊन, जुडी बांधून टांगला. अण्णांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "सूनबाई, मी ट्रॅक्टर काढायच्या आधी मिसकॉल टाकतो." टाकतातही. पहाटे साडेपाचला.

६ डिसेंबर

रात्री साडेसातला तिन्ही गावरान आत, वरच्या दांडीवर. गिरिराज खालच्या दांडीवर झोपलेल्या. सकाळी सगळ्याजणी एकाच जागी जाग्या होतील, म्हणजे कोण नवीन आणि कोण जुनं याचा घोळ थोडा कमी.

७ डिसेंबर

घोळ कमी झाला, भांडण नाही.

उजाडल्याबरोबर काळीने सुरुवात केली. मान पुढे, गळ्याची पिसं फुलवलेली, समोरासमोर छाती भिडवून उड्या. तिच्यासमोर गावरानमधली बारकी, तुऱ्याची. काळीच्या निम्मी नसेल अंगाने. चार-पाच झटापटी झाल्या आणि काळी मागे फिरली. जड कोंबडी जिंकतेच असं नाही, हे आत्ती आधीच बोलल्या होत्या. "जतच्या माळावरची हाय ती, दगडावर वाढलीया."

मध्ये पडायचं नाही हा माझा नियम. उतरंड ठरेपर्यंत त्या थांबत नाहीत. आपण सोडवलं तर तीच लढाई उद्या पहिल्यापासून. रक्त आलं तरच उचलायची, कारण लाल दिसलं की बाकीच्याही तिथेच टोचत राहतात. तशी वेळ आली नाही. तुऱ्याला एक ओरखडा, हळद लावली. खरं काम भांडी करतात: खाद्याची तीन, पाण्याची दोन, सगळी लांब लांब, आणि एक जुना पत्रा भिंतीला तिरपा टेकवलेला. मार खाणारी त्याच्यामागे जाते. मारणारीला ती दिसेनाशी झाली की तिचाही राग संपतो.

राखाडीची मात्र चांदी झाली. आता तिच्याखाली दोघी आहेत, आणि ती त्यांना टोचते.

९ डिसेंबर

संध्याकाळचा नवा प्रश्न. गिरिराज वेळेवर वर जातात. गावरान जात नाहीत. अंगणाच्या छताखाली आडवा अँगल आहे, सहा फुटांवर, तिथे तिघी ओळीने बसल्या. खुराड्यातल्या वरच्या दांडीपेक्षा ती जागा उंच, बाहेरचं सगळं दिसतं. त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे, माळावर त्या बाभळीवर झोपायच्या. पण तिथे थंडीचा वारा सरळ अंगावर येतो, आणि जाळीपलीकडून मांजर रात्रभर घाबरवत राहणार.

अंधारात उतरवून आत ठेवल्या. पण हे रोज करत राहिलं तर त्या 'आपल्याला उचलून नेतात' एवढंच शिकतील.

११ डिसेंबर

दोन गोष्टी केल्या. अँगलवर शेडनेटची पट्टी ढिली लोंबती बांधली, म्हणजे पंजा धरायला ठाम जागा मिळत नाही. आणि खुराड्यात, दांडीच्या वर, चार्जिंगचा छोटा दिवा साडेपाचला लावला. संध्याकाळी बाहेर थोडा उजेड असतो तेव्हा खुराड्याचं तोंड म्हणजे काळं भोक. कोंबडी अंधारात शिरत नाही, म्हणून ती बाहेरच उंच जागा शोधते. आत बाहेरपेक्षा जास्त उजेड हवा. सगळ्या दांडीवर बसल्या की दहा-पंधरा मिनिटांनी दिवा घालवायचा.

आत्तींनी तिसरी गोष्ट केली, मला न विचारता. मूठभर बाजरी आत भुशावर फेकली आणि "तीऽ तीऽ तीऽ" म्हणून हाक दिली. तुऱ्याची पहिली धावली.

कोंबड्या आल्या की लोक दिवसभर त्यांच्याकडे बघत बसतात. दिवसा काही शिकवायचं नसतं, बघायचं ते संध्याकाळचा हा अर्धा तास. रोज त्याच वेळी कुणीतरी घरी पाहिजे, आणि ते माणूस शांत पाहिजे. यांना जमत नाही, हे फोनवर बोलत बोलत येतात. म्हणून आत्ती आणि मी आलटून पालटून.

१८ डिसेंबर

सकाळी ओढ्याच्या बाजूला माती उकरलेली. जाळीच्या बुडाशी वीतभर खड्डा, खाली आडव्या जाळीची तार उघडी पडलेली, तिथेच थांबलंय. मातीत बारीक नखांचे ओरखडे. मुंगूस असावं, घूस माती जास्त काढते. दगड परत लावले, त्या कोपऱ्यात दोन फरशा जास्तीच्या. आत कुणाला काही पत्ता नाही.

रात्री बॅटरी घेऊन दांड्यांच्या खालच्या फटी बघितल्या. लाल पिसू दिवसा तिथे लपतात आणि रात्री वर चढून रक्त पितात. अजून नाहीत. तरी दांडीच्या टोकांना राख चोळली.

२३ डिसेंबर

सातही जणी आपल्या आपण वर. गावरान दिव्याशिवायसुद्धा. दिवा काढून टाकला, बाजरी चालू ठेवली. ती आता आत्तींचीच सवय झालीय.

तुऱ्याचीचा तुरा लाल भडक झालाय आणि पाठीवर हात ठेवला की ती पंख किंचित उचलून खाली बसते. अंड्यावर येतेय. क्रेटची पोती सोडली, आत वाळका पेंढा आणि प्रत्येकात एक पांढरा गुळगुळीत गोटा, जागा दाखवायला. खाद्य अजून ग्रोअरच. लेअरच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीच्या, खाद्यात कॅल्शियम फार, अंडं सुरू व्हायच्या आधी ते मूत्रपिंडावर येतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवलाय, जिला लागेल ती खाईल.

दुकानदार म्हणाला, बल्ब लावून दिवस लांबवा, अंडी लवकर येतील. अंडी नियमित यायला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि आत्ता दिवस अकरा तासांचाच आहे, हे खरं. पण गिरिराज अजून अंग धरतायत. घाई कुणाला आहे? मार्गशीर्षात आमच्या घरात अंडं शिजतही नाही.

२९ डिसेंबर

काल सांगलीत लग्न होतं, सगळे उशिरा आलो, साडेआठ वाजले. दार बंद करायला कुणी नव्हतं. बॅटरी मारली तर वरच्या दांडीवर तीन आणि खालच्या दांडीवर तीन. सातवी, राखाडी, क्रेटमध्ये गोट्यावर बसलेली. तिला उचलून दांडीवर ठेवलं आणि दार लावलं. आता दुपारी चारनंतर क्रेटच्या तोंडाला परत पोतं, आठवडाभर. अंडं सकाळी घालतात, त्याला आडकाठी नाही.

उरलेली कामं: उन्हाळ्यासाठी दक्षिणेच्या बाजूला दोडक्याचा वेल चढवायला मांडव. फवारणी नसेल त्या दिवशी चारनंतर परसात मोकळं सोडायचं का, यावर आत्तींचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्यांचं म्हणणं सोडायचं. माझं म्हणणं, बागेतला माल उतरून फवारणी थांबेपर्यंत नाही. अण्णांनी फेब्रुवारी सांगितलंय.